मुर्गीहाटा ते टांग्रा : मध्य कोलकात्यातल्या वस्त्यांची पायी ओळख

गुरुवार

इंग्रजांच्या काळातले कोलकाता दोन भागांत विभागलेले होते, दक्षिणेला गोऱ्यांची वस्ती आणि उत्तरेला देशी लोकांची, असे सरसकट सांगितले जाते. बडाबाजाराच्या दक्षिण टोकापासून बऊबाजारापर्यंतचा मधला पट्टा मात्र या विभागणीत कुठेच बसत नाही. आर्मेनियन, बगदादी यहुदी, पारशी, चिनी, पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, कच्छी मेमन आणि चितगावहून आलेले बौद्ध अशा अनेक समाजांनी या पट्ट्यात भिंतीला भिंत लावून घरे, पेढ्या आणि प्रार्थनास्थळे उभी केली. त्यांतले काही समाज आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, तरी त्यांच्या वास्तू बाजाराच्या गर्दीत उभ्या आहेत. हा भाग जाणकार माणसाबरोबर पायी पाहावा, या एकाच हेतूने डिसेंबरच्या मध्यावर माझी नणंद आणि मी पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्याला उतरलो. ती शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे माझ्यापेक्षा तिचेच प्रश्न अधिक असणार हे ठरलेले होते.

आमची वारसाफेरी शुक्रवारी सकाळी सुरू व्हायची होती. फेरी घेणारे मार्गदर्शक उत्तर कोलकात्यातच वाढलेले मध्यमवयीन बंगाली गृहस्थ आहेत. सगळे त्यांना दादा म्हणत होते, तसे आम्हीही म्हणू लागलो. आम्ही महाराष्ट्रातून आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी गुरुवारी संध्याकाळीच आम्हाला बागबाजारातल्या मराठा डिच लेनमध्ये नेले. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा भेदरलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो कधी पूर्ण झाला नाही आणि मराठे शहरापर्यंत पोहोचलेही नाहीत. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. गल्लीच्या नावापलीकडे तिथे पाहण्यासारखे काही नाही. परंतु बंगालमध्ये आजही लहान मुलांना झोपवताना जे अंगाईगीत म्हणतात, त्यात बर्गी आले, आता सारा कसा भरायचा, अशी आईची धास्ती आहे, आणि ते बर्गी म्हणजे आपले मराठी घोडेस्वार. दादांनी हे कोणताही दोष न देता सांगितले. दुसऱ्यांच्या वस्त्यांचा इतिहास ऐकायला निघालेल्या माणसाने आपल्या माणसांविषयीची ही आठवण आधी ऐकून घ्यावी, हे मला फार योग्य वाटले.

शुक्रवार

सकाळी साडेआठला ब्रेबर्न रोडच्या उड्डाणपुलाजवळ आमचा गट जमला. इथून आर्मेनियन चर्च, पोर्तुगीज चर्च, दोन सिनेगॉग म्हणजे यहुद्यांची प्रार्थनास्थळे, आणि नाखुदा मशीद ही सगळी ठिकाणे पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत येतात. रस्त्यावर हातगाड्या, डोक्यावर गाठोडी घेतलेले हमाल आणि प्लास्टिकच्या वस्तूंचे ढीग इतके असतात की एखाद्या वास्तूचे दार हात लावता येईल इतके जवळ येईपर्यंत दिसत नाही.

आर्मेनियन चर्चचे दारही असेच दुकानांच्या रांगेत आहे. आत गेल्यावर मोठे अंगण लागते आणि त्या अंगणाची फरशी जवळजवळ पूर्णपणे थडग्यांच्या दगडांची आहे. नाझरेथचे पवित्र चर्च म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू १७२४ मधली असून ती कोलकात्यातले सर्वांत जुने चर्च मानली जाते. इथे आलेले आर्मेनियन व्यापारी मुख्यतः इराणमधल्या इस्फहानजवळच्या न्यू जुल्फा या वसाहतीचे होते. रेशीम, मसाले आणि जवाहिर यांचा त्यांचा व्यापार इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून मोगल दरबाराशी बांधलेला होता. १६८८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्याशी करार केला आणि जिथे चाळीस आर्मेनियन वस्तीला असतील तिथे त्यांना चर्च बांधून देण्याचे मान्य केले. कंपनीला मोगल दरबारात शिरकाव करून देण्यात खोजा इस्राएल सरहाद या आर्मेनियन व्यापाऱ्याचा मोठा हात होता. प्लासीच्या सुमारास क्लाइव्ह आणि मीर जाफर यांच्यात निरोप पोहोचवणारा खोजा पेत्रुस आर्मेनियनच होता आणि पुढे बंगालचा नवाब मीर कासिमच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध सैन्य उभे करणारा गुर्गीन खान हा त्याचाच भाऊ. एकाच घरातले दोघे भाऊ दोन बाजूंना होते हे ऐकल्यावर नणंदेने वही काढली, आणि नंतरचे सगळे दिवस ती वही तिच्या हातातच राहिली.

या अंगणातला एक दगड मी वाकून बराच वेळ पाहिला. तो रेझाबीबी नावाच्या स्त्रीचा आहे. दिवंगत दानशूर सुकियास यांची ती पत्नी, असा तिच्यावरच्या लेखात तिचा परिचय आहे आणि मृत्यूचा दिवस ११ जुलै १६३० असा वाचला जातो. शहराचा संस्थापक मानला जाणारा इंग्रज जॉब चार्नॉक इथल्या सुतानुटी गावाला उतरला तो १६९० मध्ये, म्हणजे हा सन खरा मानला तर इंग्रजांच्या आधी साठ वर्षे या नदीकाठी आर्मेनियन कुटुंब राहत होते. सनाच्या वाचनाविषयी अभ्यासकांत वाद आहेत आणि दादांनी तेही लपवले नाही. काळ्या दगडातली आर्मेनियन अक्षरे पावलांनी झिजलेली असली तरी बोटाला लागतात. मला त्या सनाच्या वादापेक्षा याचे अधिक वाटले की शहराच्या स्थापनेची चर्चा जिच्या दगडापाशी येऊन थांबते, ती एक बाई आहे आणि तिच्याविषयी याहून अधिक एक ओळही आपल्यापाशी नाही.

चर्चच्या आवारात १९१५ च्या आर्मेनियन वंशसंहाराचे स्मारकही आहे. कोलकात्यातले आर्मेनियन नाताळ ६ जानेवारीला साजरा करतात. त्यांची १८२१ मध्ये स्थापन झालेली शाळा मिर्झा गालिब स्ट्रीटवर आजही चालू आहे आणि तिथे इराण, इराक, आर्मेनिया अशा देशांतून आलेली मुले वसतिगृहात राहून शिकतात. शहरातली स्थानिक आर्मेनियन कुटुंबे इतकी कमी झाली आहेत की चर्चमधल्या प्रार्थनेला आवाज मिळतो तो बहुधा या मुलांचाच.

तिथून मुर्गीहाट्याच्या पोर्तुगीज चर्चला गेलो. १७९९ मधले हे रोझरी कॅथेड्रल दोन मनोऱ्यांचे आणि नेटके आहे. वसई-गोव्याची चर्च पाहिलेल्याला त्याची ठेवण ओळखीची वाटते. आम्ही तिथे थोडाच वेळ थांबलो, कारण शुक्रवारी सूर्यास्तापासून यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो आणि शनिवारी सिनेगॉग बंद असतात.

मागेन डेव्हिड सिनेगॉगचा उंच मनोरा पुलावरून दिसतो, पण प्रवेश कॅनिंग स्ट्रीटच्या बाजूने, पिशव्या आणि खेळणी विकणाऱ्यांच्या मधून आहे. लाल विटांची ही इमारत १८८४ मध्ये एलिआस डेव्हिड एझ्रा यांनी वडिलांच्या, म्हणजे डेव्हिड जोसेफ एझ्रा यांच्या, स्मरणार्थ बांधली. लाल विटा, टोकदार मनोरा आणि त्यावरचे घड्याळ पाहून आम्हा दोघींना एकाच क्षणी पुण्याच्या कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे तिथले सिनेगॉग, आठवले. त्यात आश्चर्य नाही, कारण डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले ते लाल देऊळ आणि हे सिनेगॉग ही दोन्ही बगदादी यहुद्यांचीच कामे आहेत. कोकणात शतकानुशतके राहून मराठी बोलू लागलेले बेने इस्राएल वेगळे आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बगदाद, बसरा, अलेप्पो इथून व्यापारासाठी आलेले हे यहुदी वेगळे. कोलकात्यात या समाजाचा पाया घालणारा शालोम कोहेन हा जवाहिऱ्या अलेप्पोहून सुरतेमार्गे १७९८ मध्ये इथे आला. नीळ, रेशीम, अफू आणि नंतर जमीनजुमला यांतून या मंडळींनी मोठी संपत्ती मिळवली. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिथले यहुदीही आश्रयाला इथे आले आणि समाजाची संख्या काही हजारांवर गेली. १९४७-४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएल, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाला निघून गेली. आज शहरात राहणारे यहुदी तीसही नाहीत. १९७१ मध्ये ढाक्याला पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीची बोलणी करणारे लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब याच समाजातले होते, आणि १९४७ मध्ये मिस इंडियाचा किताब मिळवणाऱ्या, मुंबईच्या चित्रपटांतल्या प्रमिला, म्हणजेच एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, यांचा जन्मही कोलकात्यातल्या बगदादी यहुदी घरातच झाला.

दार उघडले ते तिथल्या राखणदाराने. हे काम करणारी माणसे ओडिशातून आलेल्या मुस्लिम कुटुंबांतली आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या हीच घरे सिनेगॉगांची देखभाल करीत आली आहेत. त्यांनी आधी एका डब्यातून गोल टोप्या काढून आमच्या गटातल्या पुरुषांना दिल्या. एका काकांनी ती डोक्यावर तिरकी ठेवली, तेव्हा त्यांनी पुढे होऊन ती हलक्या हाताने सरळ केली आणि मगच आत सोडले. आत काळ्यापांढऱ्या संगमरवरी चौकटींची फरशी आहे, मधोमध धर्मग्रंथ वाचण्याचा उंच चौथरा आहे, वर तिन्ही बाजूंनी स्त्रियांची गॅलरी आहे आणि समोरच्या अर्धघुमटाच्या निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. रंगीत काचांतून येणारे ऊन बाकांवर पडले होते. त्या बाकांवर धूळ नव्हती, पितळी दिव्यांना हिरवट झाक नव्हती. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात आणि तेवढे इथे जमत नाहीत, त्यामुळे नित्याची प्रार्थना कित्येक वर्षे झालेली नाही. तरीही हे गृहस्थ रोज सकाळी झाडतात, पुसतात, पाचही वेळची नमाज पढतात आणि धर्मग्रंथ ठेवलेल्या पवित्र कपाटाकडे जाताना स्वतःचे डोके झाकतात. नणंदेने त्यांना विचारले की दुसऱ्याच्या देवाघरचे काम करताना कधी वेगळे वाटत नाही का. ते म्हणाले, "दिदी, घर तर देवाचेच आहे, आणि माझ्या वडिलांनी मला ते सांभाळायला दिले आहे." हे सांगताना त्यांचे एक बोट जवळच्या बाकावरची कसलीशी काडी टिपत होते.

बाजूलाच नेवे शालोम हे जुने सिनेगॉग आहे. १८३१ मधल्या मूळ जागेवर विसाव्या शतकाच्या आरंभी ते पुन्हा बांधले गेले. पोलॉक स्ट्रीटवरचे बेथ एल १८५६ मधले आहे. या वास्तूंची अलीकडच्या काळात नीट दुरुस्ती झाली आहे, याचे समाधान वाटते.

दुपारी पार्क स्ट्रीटवरच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलवरून गेलो. १८८१ मध्ये यहुदी मुलींसाठी सुरू झालेल्या या शाळेत आता बहुसंख्य विद्यार्थिनी मुस्लिम आहेत आणि शाळेच्या बोधचिन्हात डेव्हिडचा तारा तसाच आहे. शाळा सुटण्याची वेळ होती. हिजाब घातलेल्या मुली तो तारा लावून हसत-बोलत बाहेर पडत होत्या आणि कोणालाही त्यात काही विशेष वाटत नव्हते. शेवटी न्यू मार्केटमध्ये १९०२ पासून चालत आलेल्या नाहूम यांच्या बेकरीसमोर नाताळच्या केकसाठी लागलेल्या रांगेत आम्हीही उभ्या राहिलो. त्या रांगेत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे होते आणि लाकडी काचेच्या कपाटांमागचे कामगार अतिशय वेगाने केक कागदात बांधत होते.

शनिवार

सकाळी नाखुदा मशिदीपासून सुरुवात केली. १९२६ मध्ये कच्छी मेमन समाजाने हिच्या बांधकामाला हात घातला. ही रचना सिकंदऱ्यातल्या अकबराच्या कबरीवरून घेतली आहे आणि प्रवेशद्वार फतेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजाची आठवण करून देते. मुंबईत मोहम्मद अली रोडवर वावरलेल्याला झकेरिया स्ट्रीट परका वाटत नाही. अत्तरांची दुकाने, शेवयांचे भारे, टोप्यांच्या रांगा, सगळे तसेच आहे.

तिथून एझ्रा स्ट्रीटवर आलो. हा रस्ता विजेच्या दिव्यांचा आणि वायरींचा घाऊक बाजार आहे. या बाजारात कोलकात्यातली पहिली अग्यारी मोडकळीला आलेली आहे. मुंबईच्या कोटातली सर्वांत जुनी अग्यारी १७०९ मध्ये बनाजी लिमजी यांनी बांधली. त्याच घराण्यातले रुस्तमजी कावसजी बनाजी यांनी ही कोलकात्याची अग्यारी १८३९ मध्ये उभारली. जहाजांचा मोठा व्यवसाय करणारे रुस्तमजी द्वारकानाथ ठाकूर यांचे व्यवसायातले सहकारी होते आणि खिदिरपूरची गोदीही त्यांनी विकत घेतली होती. एवढ्या मोठ्या माणसाने बांधलेल्या वास्तूच्या खांबांना आज दुकानांचे फलक टेकलेले आहेत, आत मालाची खोकी आहेत, आणि तुळयांतून पिंपळ उगवला आहे. मला या फेरीत सर्वांत अधिक हळहळ इथे वाटली. सिनेगॉगला रोज झाडणारे हात आहेत आणि या वास्तूला नाहीत, एवढाच दोघींच्या नशिबांतला फरक आहे. ओसाडपणाच्या कथा सांगताना काळाला दोष देण्याची आपल्याला सवय असते, पण इथे समोर दिसते ते कुलूप, किल्ली आणि जबाबदारी यांचे गणित आहे.

अग्नी मात्र विझलेला नाही. मेटकाफ स्ट्रीटवर १९१२ मधली दुसरी अग्यारी नांदती आहे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नसल्याने आम्ही समोरच्या पदपथावरून तिचा दर्शनी भाग पाहिला. मुंबईच्या रंगभूमीवरून कोलकात्यात आलेले जमशेदजी फ्रामजी मदन यांची गोष्ट दादांनी तिथेच सांगितली. विसाव्या शतकाच्या आरंभी मैदानात तंबू ठोकून चलच्चित्रे दाखवणाऱ्या या पारशी गृहस्थाने पुढे देशभर चित्रपटगृहांची साखळी उभी केली. दुपारचे जेवण बो स्ट्रीटवरच्या पारशी धर्मशाळेत झाले. १९०९ मध्ये माणेकजी रुस्तमजी यांच्या नावाने सुरू झालेल्या या धर्मशाळेत आदल्या दिवशी सांगून ठेवले तर बाहेरच्यांनाही जेवण मिळते. धानसाक आणि तपकिरी भात पुढ्यात आला तेव्हा ताटातला कचुंबर आपल्या घरच्यासारखाच होता.

जेवण आटोपून पाच मिनिटांवरच्या बुद्धिस्ट टेंपल स्ट्रीटला गेलो. बंगालमधले हे बौद्ध बरुआ या आडनावाने ओळखले जातात आणि त्यांचे मूळ गाव चितगावच्या परिसरात आहे. तिथल्याच कृपाशरण महास्थविरांनी १८९२ मध्ये बौद्ध धर्मांकुर सभा स्थापन केली आणि १९०३ मध्ये हा विहार उभा राहिला. धर्मग्रंथांच्या अभ्यासावर त्यांचा मोठा भर होता. कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी यांनी पालीला, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या भाषेला, जे स्थान दिले, त्याला या विहाराच्या कामाची साथ होती. गोव्याच्या साखवाळ गावातून बुद्धाचा धर्म शोधत निघालेले धर्मानंद कोसंबी १९०६ च्या सुमारास कोलकात्यात पाली शिकवत होते, ते याच वातावरणात. आपल्याकडे पालीच्या अभ्यासाची जी परंपरा त्यांनी घालून दिली, तिचा एक धागा या शहरातून आलेला आहे, हे विहाराच्या पायऱ्यांवर उभे राहून मला मनापासून जाणवले. बेनीमाधव बरुआ हे लंडन विद्यापीठाची डी. लिट. मिळवणारे पहिले आशियाई विद्वान याच चितगावी बौद्ध समाजातले.

विहाराच्या लगतच बो बॅरक्स आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या या तीन मजली लाल विटांच्या चाळींत सैन्य गेल्यावर अँग्लो-इंडियन कुटुंबे राहायला आली. हिरव्या खिडक्या, खाली लांबट चौक, चौकाच्या तोंडाशी मेरीची लहानशी मूर्ती. नाताळ आठवड्यावर आल्याने दोरांवर दिव्यांच्या माळा चढवण्याचे काम चालू होते आणि बरुआंच्या बेकरीतून केक भाजल्याचा वास येत होता. बौद्ध समाजातल्या माणसाची बेकरी ख्रिस्ती वस्तीला नाताळचा केक पुरवते, हे इथे कोणाला सांगावेही लागत नाही.

एका ज्येष्ठ बाईंनी आम्हाला त्यांच्या दारात बसवून घेतले. दादा त्यांना आंटी म्हणत होते. रेल्वे, तारखाते आणि जकात या खात्यांत अँग्लो-इंडियनांसाठी असलेल्या राखीव जागा घटनेप्रमाणे टप्प्याटप्प्याने कमी होत १९६० मध्ये संपल्या, तेव्हा त्यांच्या वडिलांच्या पिढीतले निम्मे लोक ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडला गेले, असे त्यांनी सांगितले. लोकसभेत राष्ट्रपतींनी दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमण्याची तरतूदही जानेवारी २०२० मध्ये संपली. चाळी जुन्या झाल्या म्हणून पाडण्याची भाषा अधूनमधून होते आणि रहिवासी विरोध करतात. नाताळात हजारो लोक इथे छायाचित्रे काढायला येतात, याविषयी त्यांना आनंदही आहे आणि थोडा त्रासही. "लोक दिवे पाहतात, बाळ, गळणारे छत कोणी पाहत नाही," असे त्या हिंदीत म्हणाल्या. त्यांचे बोलणे ऐकल्यावर आमच्या गटातल्या अनेकांनी हातातले फोन खिशात ठेवले.

रविवार

तिरेट्टा बाजारात चिनी न्याहारी मिळते ती पहाटे सहा ते आठच्या दरम्यान, आणि रविवारी तिला रंग असतो. पोद्दार कोर्टच्या मागच्या रस्त्यावर, भाजीवाल्यांच्या शेजारी, अॅल्युमिनियमच्या भांड्यांतून वाफ निघत होती. माशांच्या गोळ्यांचे सूप, पांढरेशुभ्र बाओ, मोमो, डुकराच्या मांसाचे सॉसेज असे सगळे पदार्थ पाटांवर मांडलेले होते. एक वयस्कर चिनी काकू बाओचे झाकण उचलून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे न पाहता बंगालीत भाव सांगत होत्या, आणि पैसे मोजताना शेजारच्या भाजीवाल्याशी भोजपुरीत बोलत होत्या. विक्रेत्यांत चिनी माणसे आता कमी आहेत. अनेक टोपल्या दुसऱ्याच मंडळींच्या आहेत.

हा बाजार वसवला एदुआर्दो तिरेट्टा या व्हेनिसच्या माणसाने. कंपनीच्या काळात तो शहराच्या रस्त्यांचा अधिकारी होता. चिनी लोकांचा मूळ पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो तोंग अछ्यू १७८० च्या सुमारास इथे आला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला बजबजच्या जवळ हुगळीकाठी जमीन दिली आणि तिथे त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून आजही ते गाव अछीपूर म्हणून ओळखले जाते आणि चिनी नववर्षानंतर कोलकात्याचे चिनी लोक तिथल्या देवळाला आणि घोड्याच्या नालेच्या आकाराच्या त्याच्या लाल समाधीला जातात. पुढे आलेल्या चिनी लोकांपैकी कॅन्टनी लोक सुतारकामात, हक्का लोक चामड्यात आणि जोड्यांत, हुपेईचे लोक दंतवैद्यकात नाव मिळवते झाले.

गल्ल्यांमधून त्यांची देवळे पाहिली. स्थानिक लोक त्यांना चर्च म्हणतात. छातावाला गल्लीतल्या सी इप चर्चमध्ये करुणेची देवी क्वान यिन आहे, तूंग ऑन चर्चमध्ये युद्धदेव क्वान कुंग आहे. तूंग ऑनच्या तळमजल्यावर १९२४ पासून नानकिंग हे त्या काळातले नावाजलेले चिनी हॉटेल होते. सी इपमध्ये एका आजोबांनी आम्हाला उदबत्त्या दिल्या, तीन काड्या एकदम पेटवून दोन्ही हातांनी कपाळापर्यंत कशा उचलायच्या ते दाखवले, आणि मग लाकडी पट्ट्यांची नळी हलवून त्यातून बाहेर पडणाऱ्या पट्टीवरून कौल कसा घेतात तेही करून दाखवले. नणंदेने कौल घेतला. आजोबांनी कागद वाचून एवढेच सांगितले की घरातल्या थोरांची काळजी घ्या.

यानंतर दादा जे बोलले, ते बहुतेक फेऱ्यांत वगळले जाते असे माझे मत आहे. न्याहारी, नववर्षाचे सिंहनृत्य आणि कालीमातेला नूडल्सचा नैवेद्य यांवर चिनी वस्तीची गोष्ट संपवणे सोपे असते. १९६२ च्या युद्धात देशातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत इथे जन्मलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलेही होते, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांतले बहुतेक आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतले होते. म्हातारी माणसे, गरोदर बायका आणि तान्ही मुलेही त्यांत होती. काहींची सुटका व्हायला कित्येक वर्षे गेली. परतलेल्यांपैकी अनेकांची घरे आणि दुकाने लिलावात गेलेली होती. कोलकात्यातल्या चिनी लोकांना परदेशी म्हणून नोंद करावी लागली, पोलिसांकडे हजेरी द्यावी लागली आणि शहराबाहेर जायला परवानगी घ्यावी लागली. काहींना चीनला पाठवून देण्यात आले, तर पुढच्या दोन-तीन दशकांत हजारोंनी टोरांटोचा रस्ता धरला. याबद्दल सरकारने कधीही जाहीर माफी मागितलेली नाही. शाळेत ६२ चे युद्ध शिकवताना पाठ्यपुस्तकात याचा उल्लेख नाही आणि आपणही तो कधी केला नाही, असे नणंद तिथेच म्हणाली. आता ती करते.

दुपारी टांग्र्याला गेलो. हक्का लोकांनी शहराच्या पूर्वेच्या दलदलीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणि विसाव्या शतकात चामडे कमावण्याचे कारखाने उभे केले. सवर्ण हिंदूंनी अपवित्र ठरवलेले काम होते, म्हणून ते त्यांच्या वाट्याला बिनस्पर्धा आले. बिहारमधले चर्मकार मजूर त्यांच्या खांद्याला खांदा लावून राबले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे हे कारखाने बानतलाला हलवण्याचा आदेश दिला आणि पुष्कळांनी त्या उंच भिंतींच्या आड हॉटेले उघडली. चौकाचौकातल्या गाड्यांवर आपण ज्याला चायनीज म्हणतो, त्याचे मूळ याच हक्का स्वयंपाकात आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिले चिकन मंचुरियन केले असे सांगितले जाते.

टांग्र्यातली चिनी कालीबाडी, म्हणजे कालीमातेचे देऊळ, लहानशी आहे. पूर्वी इथे झाडाखाली दोन काळे दगड होते, स्थानिक हिंदू त्यांची पूजा करीत आणि नंतर चिनी कुटुंबांनी पुढाकार घेऊन देऊळ बांधले. संध्याकाळच्या आरतीला एक बंगाली पुजारी होते, हात जोडून उभ्या राहिलेल्यांत निम्मे चेहरे चिनी होते. देवीपुढे उदबत्त्यांसोबत लांब लाल चिनी मेणबत्त्या पेटल्या होत्या. प्रसाद म्हणून फळांच्या फोडी मिळाल्या. नूडल्सचा प्रसाद विशेष दिवसांनाच असतो.

ज्यांना ही फेरी करायची असेल त्यांनी आठवड्याचा हिशेब नीट बसवावा. सिनेगॉग शुक्रवारी दुपारपर्यंत पाहून घ्यावेत आणि त्यासाठी परवानगी व ओळखपत्र लागते का ते आधी विचारून ठेवावे. पारशी धर्मशाळेतले जेवण आदल्या दिवशी सांगावे, आणि तिरेट्टा बाजारासाठी रविवारी सहाच्या आत पोद्दार कोर्टला पोहोचावे. मार्गदर्शक निवडताना त्याला १९६२ विषयी विचारावे. उत्तर टाळले तर दुसरा शोधावा.